तोतयाचा काळा पडदा

‘मला जमलं नाही’ हे तीन शब्द आमच्या दादाच्या तोंडून मी जन्मात कधी ऐकले नव्हते. जमत त्याला बरंच काही नाही, पण तसं झालं की तो म्हणतो, ‘अजून बघतोय.’ बाथरूमचा नळ तो दोन वर्षं बघत होता. शेवटी आईनं प्लंबर बोलावला, तर हा त्याच्या मागे उभा राहून ‘मी हेच करणार होतो’ असं तीनदा म्हणाला. प्लंबर बिचारा मान डोलावत राहिला.

पोटासाठी दादा लिफ्टची दुरुस्ती करतो, आणि तिथे मात्र त्याला नाव ठेवायला जागा नाही. त्या कामात प्रत्येक लिफ्टची एक वही असते. बिघाड काय, किती वाजता, काय बदललं, काय परत पहिल्यासारखं केलं, सगळं लिहायचं. पानांना आकडे घालायचे आणि पान कधीही फाडायचं नाही. उद्या अपघात झाला तर चौकशीवाले आधी वही मागतात, आणि एक जरी पान कमी निघालं तर माणूस कामातून गेला. वीस वर्षांत ही सवय त्याच्या हाडीमांसी इतकी खिळली की आमच्या घरात मिक्सरचीसुद्धा वही आहे.

अशा या माणसानं तीन वर्षांपूर्वी घरच्या घरी कॉम्प्युटर बांधला. एका बड्या कंपनीचे कॉम्प्युटर फार देखणे असतात. त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर फक्त त्याच कंपनीच्या यंत्रावर चालवायचं, दुसरीकडे चालवायची परवानगीच नाही, असा त्यांचा कायदा. दादानं चार दुकानांतून चार भाग आणले, एका काळ्या पत्र्याच्या खोक्यात बसवले आणि त्यात ते सॉफ्टवेअर घातलं. म्हणजे रोज सकाळी बटण दाबलं की ते खोकं आधी धडधडीत खोटं बोलतं: मी तुमचंच, तुमच्याच कारखान्यातलं, हे माझं मॉडेल, हा माझा नंबर. मॉडेल दादानं निवडलेलं आणि नंबर दादानंच तयार केलेला. मी त्याचं नाव तोतया ठेवलं. दादाला त्या नावाचा राग आला, म्हणून ते टिकलं.

तोतया उभा राहिल्याबरोबर दादानं आमचा चांगला चालता टीव्ही काढून टाकायला लावला. ‘एकच यंत्र, सगळं त्यावर.’ भिंतीवर मोठा पडदा आला, तो तोतयाला जोडला गेला. तेव्हापासून बाबांना बातम्या बघायच्या असल्या की ते दाराशी उभे राहून ‘आज चालू आहे का रे?’ असं विचारतात.

आता आत्याबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्यावरच आलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. तरुणपणी ती मोठ्या शहरात एका स्टुडिओत टायपिस्ट होती. दोन वर्षांनी आजी अंथरुणाला खिळली तशी ती नोकरी सोडून घरी आली, ती आलीच. स्वयंपाकघराला लागून असलेली छोटी खोली तिची. तिच्या नावावर घर नाही, दागिना नाही, पण एक सिनेमा आहे. त्या दोन वर्षांत तिनं एका सिनेमात नर्सचं काम केलं होतं. नर्सची टोपी घातलेला तिचा फोटो बैठकीच्या भिंतीवर आहे. टोपी तिला जराशी मोठी होते, पण चेहरा तेजस्वी. घरी कुणीही नवीन माणूस आलं की आम्ही ओळख करून देणार, ‘ही आमची सिनेमात काम केलेली आत्या.’ मग तिला आग्रह व्हायचा आणि ती आढेवेढे घेऊन ते वाक्य म्हणायची. ऑपरेशनच्या टेबलावर पडलेल्या नायकाला नर्स सांगते: ‘डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा.’ बस. एवढ्यावर पाहुणे गप्प व्हायचे. आत्याचा आवाज आहेच तसा.

सिनेमा मात्र आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. आठवडाभर कुठेतरी लागला आणि उतरला. सगळ्या प्रती एका गोदामाच्या आगीत गेल्या, असं आत्या सांगायची.

‘सोयीनं गेल्या,’ असं धाकटी काकू म्हणायची.

काकूला दुसऱ्याचं कौतुक पचत नाही. गेली पस्तीस वर्षं, कुठलाही घरगुती समारंभ असो, आत्याचं वाक्य म्हणून झालं की काकू बशीतलं बिस्कीट मोडत विचारणार, ‘पण ताई, पाहिलाय कुणी तो सिनेमा?’ आणि आत्या पदर सारखा करत स्वयंपाकघरात जाणार. तिचं त्या घरातलं जे काही वजन होतं ते त्या एका सिनेमावर होतं, आणि काकू नेमका तोच आधार हलवून बघायची.

त्या आठवड्यात गुरुवारी दादा बैठकीत आला तो विजयी वीरासारखा. ‘आत्या, तुझा सिनेमा सापडला!’

बड्या कंपनीचं स्वतःचं सिनेमांचं ऑनलाइन दुकान आहे. जुन्या, हरवलेल्या सिनेमांचा कसलासा आठवडा त्यांनी लावला होता, त्यात हा होता. रविवारपर्यंतच राहणार होता, मग काढून टाकणार. आणि तो दिसणार फक्त त्या कंपनीच्याच यंत्रांवर.

आत्याच्या हातातला कप बशीवर वाजला. ‘जळला होता ना रे तो?’

‘एक प्रत राहिली असेल कुठेतरी. रविवारी चार वाजता सगळे बघू. काकूलाही बोलावतो. बघू दे तिला एकदा डोळे भरून.’

त्यानं तिथल्या तिथे काकूला फोन लावला. काकू म्हणाली, ‘चष्म्याचा नंबर परवाच बदललाय. येते.’

शुक्रवारी संध्याकाळी दादानं चाचणी घ्यायची म्हणून सिनेमा लावला. आम्ही सगळे बसलो. संगीत सुरू झालं, घोड्यांच्या टापा ऐकू आल्या, कुणीतरी कुणाला तरी ‘थांब!’ म्हणालं. पडदा काळा. काळा म्हणजे मिट्ट. त्यात आम्ही पाच जण ओळीनं बसलेले दिसत होतो, एवढंच काय ते चित्र.

‘येईल,’ दादा म्हणाला.

पंधरा मिनिटं आम्ही आमचीच तोंडं बघितली.

‘तोतया पकडला गेला,’ मी म्हणाले. ‘कंपनीनं ओळखलं.’

‘तुला यातलं काही कळत नाही. सिनेमाला चोरीविरुद्ध कुलूप असतं. आवाजाचं कुलूप साधं असतं, चित्राचं कडक. चित्राच्या कुलपाची किल्ली यंत्रातल्या एका ठरावीक भागात असते. आपण आपलं जे मॉडेल सांगितलंय त्यात तो भाग असायला हवा, म्हणून ते तिथे शोधतात, आणि तो सापडत नाही.’

‘म्हणजे पकडला गेला.’

‘अजून बघतोय,’ दादा म्हणाला आणि त्यानं वही काढली. पान साठ.

आत्या हळूच म्हणाली, ‘राहू दे रे. आवाज येतोय ना? आवाज पुरे.’ मला वाटलं, किती मोठं मन हिचं. चाळीस वर्षं वाट पाहिली आणि पोराची फजिती नको म्हणून तेही सोडायला तयार.

शनिवारी सकाळी दादा कामावर गेला नाही. त्यानं पडद्याची केबल बदलली. मग ती केबल उलटी लावली. मग बाबांच्या खोलीतला जुना पडदा आणून जोडला, आणि सिनेमा आता लहान आकारात काळा दिसू लागला. तोतयाचं घड्याळ तपासलं, सगळं बंद करून चालू केलं, पंखा पुसला. पंख्याचा काय संबंध, असं मी विचारलं, तर ‘काही शक्यता सोडायच्या नसतात’ असं उत्तर मिळालं. प्रत्येक गोष्ट वेळेसकट वहीत जात होती आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक शब्द: नापास.

मग त्याला एक अशी बुद्धी सुचली की ती फक्त त्यालाच सुचावी. त्यानं कंपनीच्या मदत केंद्रालाच फोन लावला. हात कामात अडकलेले, म्हणून फोन स्पीकरवर. एक अत्यंत गोड बाई बोलू लागली.

‘आपल्या यंत्राचा नंबर सांगता का, सर?’

दादानं स्वतः बनवलेला नंबर सांगितला, तोही बाणेदारपणे.

‘हा नंबर मला दिसत नाहीये. यंत्राच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरांत असेल, बघता का?’

दादानं तोतयाच्या खाली वाकून पाहिलं. तिथे जुन्या कपाटाची फळी होती आणि फळीवर मी लहानपणी काढलेलं बदक होतं. ‘खोडलं गेलंय,’ तो म्हणाला.

‘काही हरकत नाही. रंग कोणता आहे यंत्राचा?’

‘राखाडी,’ दादा त्या काळ्या खोक्याकडे बघत म्हणाला.

‘सर, या मॉडेलमध्ये राखाडी रंग कधी निघालाच नाही.’

दादानं फोन ठेवला. मी हसून हसून पलंगावर आडवी झाले. आईसुद्धा तोंडाला पदर लावून आत गेली.

‘वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात ना, माझ्याच मॅडम,’ मी डोळे पुसत म्हणाले. ‘त्यांच्याकडे त्या कंपनीचा खराखुरा कॉम्प्युटर आहे. उद्या चार वाजता तिकडे जाऊन बघू. मी विचारते.’

मी त्यांच्याच दवाखान्यात रिसेप्शनला आहे, त्या नाही म्हणाल्या नसत्या. पण दादा आणि आत्या एकदमच बोलले. दादा म्हणाला, ‘काही गरज नाही, उद्यापर्यंत होतंय.’ आणि आत्या म्हणाली, ‘लोकांकडे कशाला? उगाच.’ बोलताना तिचा चेहरा उतरलेला होता. मी मनात दादालाच चार शिव्या दिल्या. याच्या घमेंडीपायी म्हातारीचा सिनेमा जाणार, एवढंच मला दिसत होतं.

दुपारी मी दवाखान्यात गेले. पाचला परत आले तर दादा तोतयासमोर हात मांडीवर ठेवून बसला होता. बंद पडद्यासमोर. जेवणाचं ताट तसंच झाकलेलं.

‘झालं?’ मी विचारलं.

त्यानं मान हलवली. ‘नाही.’

‘मग काय, अजून बघतोयस?’

त्यानं वही मिटून कपाटात ठेवली. त्याची जिरली याचा मला इतका आनंद झाला की मी त्याच्यासाठी चहा केला.

रविवारी चारला पाच मिनिटं असतानाच काकू आली. नवा चष्मा, इस्त्रीची साडी, मागे काका. तिनं मधली खुर्ची पटकावली. आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली, भिंतीवरच्या तिच्या फोटोच्या बरोबर खाली, दोन्ही हात घट्ट धरून. मला तिची फार कीव आली. दादानं सिनेमा लावला. संगीत, टापा, ‘थांब!’ आणि काळाकुट्ट पडदा.

‘सुरू झाला का?’ काकूनं विचारलं.

‘झाला,’ मी म्हणाले. ‘अंधारातला प्रसंग आहे. पावणेदोन तासांचा.’

काकू चष्मा काढून पुसू लागली. दादा भिंतीला टेकून उभा होता. तो मधेच काहीतरी करून बघेल, एखादी तरी वायर हलवेल, असं मला वाटलं होतं, पण तो हललाही नाही. असा तास गेला. काका घोरू लागले. बाबा ‘आता कोण बोललं?’ असं विचारत होते आणि कुणालाच माहीत नव्हतं. मग कुठलंतरी दार वाजलं, भांड्यात कात्र्या पडल्यासारखा आवाज झाला, आणि त्या काळ्या पडद्यातून आत्या बोलली.

‘डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा.’

तोच आवाज. चाळीस वर्षांनी तरुण, पण तोच. ‘बघा’ म्हणताना किंचित खाली उतरणारा. माझ्या अंगावर काटा आला. बाबा रडायलाच लागले. पुढे दहा मिनिटं ती नर्स बोलत होती, समजूत घालत होती, एकदा हसलीसुद्धा, आणि आम्ही सगळे त्या काळोखाकडे टक लावून बसलो होतो.

नर्सचं काम संपलं तेव्हा काकूनं चष्मा पर्समध्ये ठेवला. ‘आवाज तर ताईंचाच आहे,’ ती म्हणाली. पस्तीस वर्षांत तिनं पहिल्यांदाच हार मानली होती, आणि ती मानताना तिचा चेहरा औषध घेतल्यासारखा झाला होता. ‘ताई, चुकलंच माझं. होतात तुम्ही सिनेमात.’

आत्यानं मान खाली घातली. ‘असू दे गं.’

पण काकूला कुणावर तरी उलटायला हवंच होतं. ‘आणि तू रे? एवढी फोनवर मिजास केलीस, डोळे भरून बघा म्हणालास. चित्र कुठाय?’

दादा सरळ उभा राहिला. सगळ्यांसमोर, स्पष्ट आवाजात तो म्हणाला, ‘मला जमलं नाही.’

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. ‘लिहून ठेवा रे कुणीतरी! आजची तारीख लिहून ठेवा!’ असं मी ओरडले, आणि काकू हसली, काका जागे होऊन हसले, बाबा डोळे पुसता पुसता हसले. त्या दिवसापासून काकूनं दादाचं नावच ‘काळा पडदा’ पाडलं. ‘काय म्हणतोय तुमचा काळा पडदा?’ असं ती फोनवर विचारायची आणि मी दर वेळी काहीतरी नवीन भर घालून सांगायचे. फक्त आत्या हसायची नाही. ती रोज सकाळी स्वतःच्या हातानं तोतयावरची धूळ पुसू लागली होती. मला ते जरा अतिच वाटायचं.

पंधरा दिवसांनी काकूचा फोन आला. तिच्या भाच्याला म्हणे तसलाच कॉम्प्युटर बांधायचा होता. ‘तुझ्या भावाच्या त्या वहीचे फोटो पाठव ना. काय काय करू नये ते तरी त्याला कळेल.’

मला हा विनोद फारच आवडला. दादा कामावर होता. मी वही काढली, टेबलावर उजेडात ठेवली आणि फोटो काढत सुटले. पान साठ: केबल, नापास. एकसष्ट: दुसरा पडदा, नापास. बासष्ट: पंखा पुसला, नापास, मदत केंद्र, रंग चुकीचा सांगितला, नापास. प्रामाणिकपणा बघा, तेही लिहिलेलं. मी हसत पान उलटलं.

पान त्रेसष्ट, शनिवार. ‘दुपारी ३.१०. कॉम्प्युटरचं सांगितलेलं मॉडेल बदललं. घरगुतीऐवजी स्टुडिओत वापरतात ते मोठं मॉडेल सांगितलं. त्यात तो भाग नसतो, म्हणून किल्ली वेगळ्या कार्डात शोधतात. ते कार्ड आपल्याकडे आहे.

३.४०. चित्र आलं. पूर्ण. रंग, आवाज ठीक. पास.

४.२५. सिनेमा पुढे सरकवून नर्सचा प्रसंग पाहिला. नर्स दुसरीच बाई आहे. आवाज आत्याचा.

४.३५. पुन्हा पाहिला. दुसरीच आहे.’

पान चौसष्टवर दोनच ओळी होत्या. ‘४.४५. मॉडेल परत पहिलं केलं. काळा पडदा. आत्याला विचारलं नाही.’

आणि पासष्ट, रविवार: ‘नापास.’

मी खुर्चीत बसले. समोर भिंतीवर आत्याचा फोटो होता आणि त्यातली टोपी तिला मोठी होती. ती दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यासाठी शिवलेली होती, एवढं कळायला मला इतकी वर्षं लागली. त्या दुसऱ्या बाईला नीट बोलता येत नसेल, आणि टायपिस्ट पोरीचा आवाज गोड होता, म्हणून तिला माइकसमोर उभी केली असेल. घरी येऊन तिनं त्यात थोडं वाढवून सांगितलं. मग ते उतरवता येईना. मला तिचा राग आला नाही. तिच्यासमोर मी कितीदा कौतुकानं ‘अगं, म्हण ना ते वाक्य’ म्हणाले होते, ते एकेक आठवलं. दादाचं आठवलं तेव्हा तर मला स्वतःची लाज वाटली. त्यानं घरातली स्वतःची सगळी ऐट एका वाक्यात फुंकून टाकली होती आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या.

वही मात्र तो खोटी लिहू शकला नव्हता. तिथे त्याचा हात वळलाच नसेल.

काकू घरी आली की कपाटं उघडून बघते. तिचा भाचाही उद्या ‘मूळ वहीच द्या’ म्हणू शकतो. मी बासष्टपर्यंतचे फोटो पाठवले आणि त्रेसष्ट-चौसष्टचं पान शिवणीपाशी घट्ट धरून फाडलं. त्याचे बारीक तुकडे केले आणि ओल्या कचऱ्यात चहाच्या चोथ्याखाली घातले.

संध्याकाळी दादा आला. हातपाय धुतले, चहा घेतला. तोतयाच्या माउसची बॅटरी संपली होती, ती त्यानं बदलली आणि नोंद करायला वही उघडली. मी समोर बसून उशीचा अभ्रा शिवत होते. आत्या दारात उभी राहून उद्या भाजी कुठली आणायची ते आईला विचारत होती. दादाचं बोट शिवणीपाशी थांबलं. फाटलेली कड त्यानं वरपासून खालपर्यंत चाचपली. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सुईत दोरा ओवत होते, आणि तो काही केल्या ओवला जात नव्हता.

दादानं पेनाचं टोपण काढलं.

‘आधीचं पान कितवं होतं गं?’ त्यानं विचारलं.

‘बासष्ट,’ मी म्हणाले.

‘मग हे त्रेसष्ट,’ तो म्हणाला, आणि त्यानं पासष्टमधला पाच गिरवून गिरवून त्याचा तीन केला.